बादलीकाकांवर पाळत

"नखाएवढा तुकडा सुटला तरी पुरतो," वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी बजावलं होतं. तिनं मान डोलावली आणि ते कानाआड केलं. कडेवर अडीच वर्षांची लेक किरकिरत होती, आणि शिकलेली माणसं थोडं वाढवूनच सांगतात हे तिला, स्वतः पदवीधर असल्यानं, पक्कं ठाऊक होतं.

बाकी सगळं मात्र तिनं मनावर घेतलं. गावच्या मोठ्या तळ्यावरचा हिरवा थर पहिल्यांदा तिच्याच नजरेला पडला, मॅडमना तिनंच बोलावलं. साल्व्हिनिया, मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या मुलखातून आलेलं, तरंगणारं फर्न. कोवळेपणी बटणाएवढी सपाट पानं. वाढलं की त्यांवर लव येते आणि पाण्याचा थेंब घरंगळून जातो. बघता बघता तळं झाकतं, मग खाली ना उजेड ना हवा.

तिच्या नवऱ्याची माशांच्या पिल्लांची दोन तळी घरामागेच होती. सगळ्या घराचं पोट त्या पिल्लांवर होतं. तिची झोप उडाली.

तिनं मोठ्या तळ्याभोवती दोर बांधून घेतला. नावा, जाळी, बूट धुऊन वाळवल्याशिवाय कुणी दुसऱ्या पाण्यात नेईना. मग ती गावोगाव ओळख पटवायला निघाली. फोटोवरून लोकांना कळेना, म्हणून काचेच्या बरणीत जिवंत फर्न घेतलं. जिथे जाईल तिथे बरणी ताज्या पाण्यानं भरायची, म्हणजे पानं टवटवीत दिसायची.

"दिसायला किती गरीब," एक बाई म्हणाली. "आमच्या जाऊबाईही लग्नात अशाच दिसत होत्या."

तरीही फर्न पसरलं. आधी रोपवाटिकेच्या हौदात, मग शाळेमागच्या तळ्यात. महिन्याभरात पाच ठिकाणी. आणि पाचही ठिकाणी एक माणूस हमखास दिसे, निवृत्त पंपचालक, हातात झाकलेली बादली. त्यांना सगळे बादलीकाका म्हणत. नुसत्या पाण्याला झाकण कशाला? तिनं ज्याला त्याला लक्ष ठेवायला सांगितलं. लोक काकांशी बोलेनासे झाले. सासूबाई म्हणाल्या, अगं, त्यांना एकदा विचारून तरी बघ. ती म्हणाली, विचारून कुणी कबूल होतं का?

एका सकाळी लेकीला कडेवर घेऊन ती काकांच्या मागे निघाली. ते लंगडत आपल्या घराच्या गच्चीवर चढले. तीही धापा टाकत वर पोचली.

गच्चीभर फर्न वाळत पडलं होतं. तपकिरी, कुरकुरीत, मेलेलं.

"बस," गुडघा चोळत काका म्हणाले. तळपत्या गच्चीवर ते दोन दिवसांत मरतं, त्यांनी सांगितलं. वाटेत काही सांडू नये म्हणून झाकण. दर आठवड्याला ते मोठं तळं सोडून आसपासच्या अकराही पाणवठ्यांवर फिरत. पाच ठिकाणी ओंजळभरच होतं, बहुतेक काढून झालं होतं. बाकी सहा स्वच्छ. त्या सहांतली दोन तिच्या घरामागची तळी, ती त्यांनी कुंपणावरून पाहिली होती. तिथेही काही नव्हतं.

तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं विचारलं, "पण या सहांत कसं नाही आलं?"

"तिथे तू अजून शिकवायला गेली नाहीस. आणि घरच्यांना कोण शिकवतं?" काका हलकेच हसले. "पोरी, बरणीत ताजं पाणी भरतेस, तेव्हा आधीचं कुठे ओततेस?"

दुपारपर्यंत पाचही ठिकाणी तिच्या अक्षरातली सूचना लागली: "बरणी दाखवणारी बाई इथे येऊन गेली आहे. तिनं जुनं पाणी इथेच ओतलं. रोज नीट बघा, जरा हिरवं दिसलं तरी काढून उन्हात टाका. आणि बादलीकाकांचा गुडघा सुजलाय. वाचणाऱ्यानं जाता जाता त्यांना बघून यावं."