लॉगिन म्हणजे सही

कागद टाइप होऊन तयारच होता. "मी माझ्या लॉगिनवरून चुकीच्या रुग्णाच्या नावे इन्सुलिनची ऑर्डर टाकली," एवढं एकच वाक्य, त्याखाली मोठ्या सिस्टरांचं नाव आणि सहीपुरती रिकामी जागा. चौकशी सुरू व्हायच्या आधीच निकाल छापून आला होता. आता बोला!

टेबलाच्या त्या बाजूला हॉस्पिटलचे अधीक्षक, त्यांच्या शेजारी वॉर्डाचे मोठे डॉक्टर आणि कडेला कॉम्प्युटर उघडून बसलेल्या संगणक विभागाच्या बाई. या बाजूला मोठ्या सिस्टर एकट्या. सव्वीस वर्षं त्यांनी नर्सची नोकरी केली होती. सही केली की ती संपली, हे त्यांना कोणी वेगळं सांगायला नको होतं.

झालं होतं ते असं. काल सकाळी एकवीस नंबरच्या खाटेवरच्या पेशंटचं इन्सुलिन कॉम्प्युटरवर बारा नंबरच्या नावे पडलं. बारा नंबरला एक बसड्रायव्हर होता, पाय मोडलेला. साखरेचा आजार त्याला कधी शिवलासुद्धा नव्हता. ऑर्डर दिसली तसं ड्यूटीवरच्या नर्सने इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात माणूस घामाने डबडबून बेशुद्ध. सगळ्यांची एकच धावपळ उडाली. दुपारी तो शुद्धीवर आला, आज तर उठून बसून चहा मागत होता. पण वाचला तो थोडक्यात.

अधीक्षकांनी संगणकवाल्या बाईंना सगळं सोप्या भाषेत समजावून द्यायला सांगितलं. बाईंनी ते बरं समजावलं. लॉगिन म्हणजे आपण कोण आहोत ते मशीनला सांगणं आणि पासवर्ड म्हणजे ते पटवून देणारी किल्ली. मशीनला डोळे नसतात. समोर कोण बसलंय ते त्याला दिसत नाही, किल्ली कोणाची एवढंच कळतं. म्हणून लॉगिन म्हणजे सहीच समजायची. आणि कोणी, कधी, काय केलं याची नोंद मशीन आपली आपण ठेवत असतं, तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये काल सकाळी नऊ चाळीसला मोठ्या सिस्टरांचं नाव होतं.

"नऊ चाळीसला मी ड्रेसिंगच्या खोलीत होते," सिस्टर म्हणाल्या. "कॉम्प्युटरवर डॉक्टरसाहेब बसले होते. ते रोज माझ्याच लॉगिनवर बसतात."

मोठ्या डॉक्टरांनी हे अगदी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, त्यांना स्वतःचं लॉगिन आहे आणि ते तेच वापरतात. आणि समजा, सिस्टरांनी आपला पासवर्ड कोणाला दिला असेल, तर तो द्यायचा नसतो एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कळू नये याचं त्यांना वाईट वाटतं.

सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाईट वाटतं म्हणे! ही कॉम्प्युटरची पद्धत सुरू झाली त्या पहिल्याच आठवड्यात याच माणसाने राउंडच्या मधोमध, चार पेशंटांसमोर त्यांचा पासवर्ड मागितला होता. त्यांनी नाही म्हटलं, तर ऑर्डर न टाकताच साहेब तरातरा निघून गेले आणि दुखण्याने कळवळणारी माणसं औषधाविना दुपारपर्यंत ताटकळली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी पासवर्ड सांगून टाकला. तेव्हापासून तो वॉर्डातल्या मांजरालासुद्धा पाठ होता. आणि आज हा मनुष्य हात झटकून मोकळा.

"पासवर्ड दिला ही माझी चूक," त्या म्हणाल्या. "तेवढं मी आत्ता लिहून देते. हे नाही देणार."

अधीक्षकांनी घड्याळात पाहिलं. उगाच ताणू नका सिस्टर, म्हणाले, लॉग समोर आहे आणि मशीन काही खोटं बोलत नाही.

सिस्टर संगणकवाल्या बाईंकडे वळल्या. "मॅडम, माझा लॉग तुम्ही काढलात. डॉक्टरसाहेबांचा काढलात का?"

बाईंनी मान हलवली. त्यांना तेवढ्या एका ऑर्डरची नोंद काढायला सांगितली होती, दुसरं काही नाही. हे सांगताना त्यांनी अधीक्षकांकडे पाहायचं टाळलं. मग म्हणाल्या, त्यात काय, आता काढते. याची काही एक गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. खाली पेशंट खोळंबलेत, असंही म्हणाले आणि उठायला लागले. तोवर बाईंनी लॉगिनच्या पानावर त्यांचा कर्मचारी नंबर टाकलाही होता. स्क्रीनकडे बघत त्या जरा थांबल्या आणि तो त्यांनी टेबलाकडे फिरवला.

अधीक्षकांना काहीही मोठ्याने वाचायची सवय होती. निदान या वेळी त्यांनी ती आवरायला हवी होती.

"स्वागत आहे, डॉक्टर. आपण प्रथमच लॉगिन करत आहात. कृपया नवा पासवर्ड तयार करा."

पद्धत सुरू होऊन दोन वर्षं आणि चार महिने झाले होते.

डॉक्टर अर्धवट उठलेले तसेच राहिले. मोठ्या सिस्टरांनी कागद जवळ ओढला. वाक्यातला 'माझ्या' खोडून वर 'सिस्टरांच्या' लिहिलं. खालचं आपलं नावही खोडलं. मग कागद डॉक्टरांसमोर सरकवला आणि पेन त्यावर ठेवलं.

"करा साहेब," त्या म्हणाल्या. "इथे पासवर्ड लागत नाही."