जवळची की दूरची

“जवळचीच टाका,” खुशालराव म्हणाले. “अन् दूरचा चष्मा बी नको. हिले आजवर लागला नाही, आता कायले लागते?”

अमरावतीच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात पेशंटना लेन्स समजावून सांगायचं काम दीक्षाकडे होतं. मोतीबिंदू काढला की आत लेन्स बसवायची. जवळच्या नजरेची बसवली तर दूरसाठी चष्मा, दूरच्या नजरेची बसवली तर जवळसाठी. निवड पेशंटनं करायची. पण तिनं विचारलं गोदाबाईंना आणि उत्तर आलं त्यांच्या नवऱ्याकडून. त्या घरात चव्वेचाळीस वर्षं हीच वहिवाट होती.

वर खुशालरावांना किस्सा सांगायची हुक्की आली. “चांदूर रेल्वेजवळ हिचं माहेर. आमी पोरगी पाहाले गेलतो. माह्या मायनं सुई-दोरा पुढं केला, हिनं एका दमात ओवला. मोतीबिंदू येईपर्यंत बिनचष्म्यानं ओवत होती. अन् मी अंगणाच्या पार त्या टोकाले बाजेवर बसलो होतो. हिच्या बापानं साऱ्याईदेखत इचारलं, पोरगा पाह्यला, पसंत हाय का? हिनं दारातून माह्याकडं पाह्यलं अन् हो म्हनलं. त्या काळात पोरीले कोन इचारत होतं?”

हा किस्सा प्रत्येक लग्नात व्हायचा. गोदाबाई पदर सारखा करत खाली पाहत राहिल्या.

खरं असं होतं, की गोदाबाईंना दूरचं कधीच दिसलं नव्हतं. वीतभर अंतरात त्यांनी मुंगीचे पाय मोजले असते. त्यापलीकडे लहानपणापासून सगळा धुरळा. सासरच्यांनी परीक्षा घेतली ती नेमकी वीतभरातली, आणि पोरगी पहिल्या नंबरानं पास झाली. आईनं बजावलं होतं, “चष्मेवाल्या पोरीले कोनी करत नाही. तोंडातून अक्षर काढू नको.” लग्नाला वर्ष होतं न होतं तोच खुशालरावांच्या चुलतभावाची नवी बायको एका कानानं कमी ऐकते असं निघालं. ‘फसवून दिली’ म्हणत तिला माहेरी नेऊन सोडणाऱ्यांत खुशालरावच पुढे होते. त्या दिवसापासून गोदाबाईंच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच.

मग सगळा संसार म्हणजे एक सोंग झालं. गोदाबाई माणसं आवाजावरून, चालीवरून, खोकल्यावरून ओळखत. रस्त्यापलीकडून कुणी हात केला तर कळत नसे. गावानं त्यांना घमेंडी ठरवलं. घमेंडी तर घमेंडी. शेंगा फोडायच्या निमित्तानं टीव्हीला नाक लावून बसायच्या, म्हणजे कुणाला शंका नको. चाळिशीत जावांना सुई ओवायला चष्मे लागले, यांना नाही, तेव्हा तर खुशालरावांची छाती आणखीच फुगली. आता खोटं इतकं जुनं झालं होतं, की खरं सांगायचीच लाज वाटावी.

आधार कार्डाची झेरॉक्स हवी होती. खुशालराव ती काढायला बाहेर गेले. दीक्षानं डोळ्यांच्या मापाचा कागद पुढे ओढला आणि हळू आवाजात म्हणाली, “काकू, हा नंबर मोतीबिंदूचा नाही. तुमच्या डोळ्याची ठेवणच लांबट आहे. हे लहानपणापासूनचं आहे. तुम्हाला दूरचं कधी दिसलंच नसेल.”

गोदाबाईंनी तिचा हात धरला. “त्याईले सांगू नको, बाई.”

“नाही सांगत. पण दूरची टाकली तर दिसेल, एवढं ऐकून ठेवा. रस्त्यापलीकडचा माणूस चेहऱ्यासकट दिसेल.”

या दोषावर चष्म्याशिवायही इलाज असतो, हे गोदाबाईंना आज, या खुर्चीत कळत होतं. आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप. दूरची मागावी, तर ‘काहून’ म्हणून विचारतील, आणि त्या एका ‘काहून’साठी त्यांच्याजवळ एकही खोटं उरलं नव्हतं. चष्मा मागितला तरी तोच प्रश्न. गप्प बसावं, तर कुणालाच काही कळणार नाही, आणि उरलेले दिवसही त्या धुरळ्यातच जातील.

खुशालराव झेरॉक्स घेऊन दारात उभे राहिले. “लिवलं का, जवळची?”

“ते काकूंनी सांगायचं आहे,” दीक्षा म्हणाली.

गोदाबाईंनी मापाचा कागद दीक्षाकडे सरकवला. “दूरची.”

“काहून?”

आलाच तो प्रश्न. गोदाबाईंनी दाराकडे पाहिलं. नवऱ्याच्या जागी सदऱ्याचा पांढरा डाग होता.

“मले दूरचं दिसत नाही. मोतीबिंदूनं नाही, जल्मापासून. वीतभर दिसते, त्याच्यापुढं कायीच नाही. फसवलं म्हना, काय म्हनाचं ते म्हना. पन मले आता दूरचं पाहाचं हाय.”

दीक्षानं कागदावर ‘दूर’ लिहिलं. गोदाबाई शिव्या खायच्या तयारीनं बसल्या. आता आईचा उद्धार होईल, मग बापाचा. लिहिलेलंही खोडायला लावतील. पण शिव्या आल्या नाहीत. खुशालराव चालत आले, अगदी खुर्चीपाशी येऊन वाकले, आणि त्यांचा एवढा खालचा आवाज गोदाबाईंनी आजवर कधी ऐकला नव्हता.

“मी त्या टोकाले बसलो होतो,” ते म्हणाले. “मंग तुनं हो कोनाले म्हनलं?”