डॅशबोर्डवरचा अखंड दिवा

बाबांच्या पहिल्यावहिल्या गाडीचं इंजिन जळालं. पण ते अजून जळालेलंच नाही, असं धरून पुढे सांगतो.

घटस्थापनेच्या सकाळी बाबांनी गाडी सुरू केली, तर स्टिअरिंगमागे तेलाच्या दिव्यासारखं दिसणारं लाल चिन्ह उजळलं. शेजारी बसलेल्या इंदुआत्यानं हात जोडले.

मी म्हणालो, "आत्या, इंजिनातलं ऑइल संपलंय. घातलं की हा दिवा विझेल."

"तेल घातल्यावर विझतो? मग मुळीच घालू नकोस. नवरात्रात दिवा विझवतात का?"

"अगं, गाडी बंद केली तरी विझेल."

"मग बंदही करू नका."

बाबांनी थोरल्या बहिणीचा शब्द कधी मोडलेला नाही. गाडी अंगणात सुरूच आहे. आत्या आरती करतेय, बाबा बॉनेटवर थंड पाण्याच्या पट्ट्या ठेवताहेत.

तरी देवीमाते, सदर इंजिनास दसऱ्यापर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.