मालकीणबाई

कोर्टाचा बेलीफ दुकानात शिरला तेव्हा नवरा काच कापत होता. त्यानं मान वर केली नाही. कटर पट्टीला लावून सरळ ओढला, काच टेबलाच्या कडेवर टेकवून हलकेच दाबली. टच्च आवाज झाला आणि दोन तुकडे. मगच म्हणाला, "बसा साहेब."

ती मागच्या खोलीच्या दारात उभी होती. सातवा महिना, एक हात कमरेवर. बेलीफाच्या मागून आलेली बाई कोण, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. नवऱ्याचा आवाज एकदम गोड झाला, त्यावरूनच ओळखलं. पहिली बायको.

"मुलीची पोटगी वर्षभर थकलीय," बेलीफ म्हणाला. "जप्तीचा हुकूम आहे. मशीन, माल, असेल ते."

"न्या की. पण माझं असेल तर न्या." नवरा हसला. "मी इथला पगारी माणूस. दुकान हिचं आहे. अगं, सांग ना साहेबांना."

लग्न झाल्या झाल्या त्यानं दुकान तिच्या नावावर केलं होतं. सही करून आल्यावर कितीतरी दिवस तिचे पाय जमिनीवर नव्हते.

"दुकान तुमचं, बाई?"

"हो."

"मग गल्ला उघडा बघू."

किल्ली तिच्याकडे कधीच नव्हती.

"विसरभोळ्या आहेत हो आमच्या मालकीणबाई," नवरा म्हणाला. खिशातून किल्ली काढून त्यानं तिच्या तळव्यावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटली. दाब जरा जास्तच होता. किल्लीचे दाते तळव्यात रुतले. ती हसली.

बेलीफ दोघांकडे बघत राहिला. "दिसतंय मला सगळं," तो म्हणाला. "पण कागदावर असेल तेवढंच लिहिता येतं." त्यानं लिहिलं आणि तो बाहेर पडला.

पहिली बायको भांडली नाही. उंबऱ्याशी थांबली आणि हळूच म्हणाली, "माझ्याही नावावर होतं हे दुकान. पोर पोटात होती तोवर."

ती बाहेर पडल्यावर नवऱ्यानं ब्रशनं टेबलावरचा काचेचा चुरा गोळा केला. "कोर्टाच्या पायऱ्या झिजवून डोकं फिरलंय तिचं." मग जवळ आला, तिच्या मुठीतून किल्ली काढून घेतली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. बाळंतपणाच्या आधी एकदा जाऊन सही करून येऊ. दुकान माझ्या आईच्या नावावर करून टाकू. तुला कशाला उगाच ताप?"

"आणि नाही केली तर?"

शब्द तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं, आपण बोललो.

तो चिडला नाही. तिच्या कपाळावरचे केस त्यानं बोटानं मागे सारले. "घामाघूम झालीस. आत जाऊन पड," म्हणाला, आणि भर दुपारी शटर खाली ओढायला लागला.

शटर गुडघ्याएवढं राहिलं. खालच्या फटीतून रस्त्यावरचं ऊन दिसत होतं. त्या उन्हात पट्टा तुटून पिन लावलेल्या चपला होत्या, आणि त्यांत पहिल्या बायकोचे पाय. ती गेली नव्हती. दुकानाकडे तोंड करून उभी होती.