चांगला नळ कशाला बदलायचा?

"पाना दे," बेसिनखालून आवाज आला.

तिने पाना पुढे केला. तो घेईना. नवरा उताणा पडला होता, डोकं बेसिनखालच्या कपाटात, पाय बाथरूमच्या दाराबाहेर. ती त्याच्या डाव्या अंगाला उपड्या बादलीवर बसली होती, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाना. पाना त्याच्या कानापासून वीतभरही लांब नव्हता.

"अगं, दे ना! झोपलीस का?"

"हा काय, तुमच्यासमोर धरलाय!"

त्याचा हात हवेत चाचपडला, तिच्या मनगटावर आपटला, मग पान्याला लागला.

मुळात हा खटाटोप कशासाठी, तेच तिला कळत नव्हतं. जुना नळ ठणठणीत होता. गळत नव्हता, कुरकुरत नव्हता. आणि या माणसाने उभ्या जन्मात घरात एक खिळा ठोकला होता, तोही असा, की भिंतीचा पोपडा पडला आणि फोटो अजून कपाटावर टेकून उभा आहे. शाळेची बस चालवायची, घरी येऊन पाय पसरायचे, एवढंच त्याला ठाऊक. आज सुट्टीच्या दिवशी मात्र सकाळी उठल्या उठल्या पिशवीतून कोरा नळ काढून म्हणाला, "हा मी बसवणार. कुणाला बोलवायचं नाही."

"चांगल्या नळाला काय धाड भरलीय?"

"तू बॅटरी धर."

बॅटरी धरता धरता तिचं कुतूहल वाढतच गेलं. कारण त्याचा हात शिकाऊ वाटत नव्हता. त्याने खालचे दोन्ही कॉक बंद केले, जुना नळ उघडून आत राहिलेलं पाणी जाऊ दिलं, नळ्या सोडवल्या, गंजलेला नट न चिडता हळूहळू सैल केला. जुन्या टूथब्रशने बेसिनवरचा पांढरा क्षार घासून काढला. आट्यांवर टेप गुंडाळली ती आटे फिरतात त्याच दिशेने.

"हे कुठे शिकलात?"

"बघून बघून."

"कुणाचं बघून?"

बेसिनखालून नुसता हात बाहेर आला. "वॉशर दे."

या वेळी तिने मुद्दामच वॉशर त्याच्या डाव्या गालाजवळ धरला आणि गप्प राहिली. तो उजवीकडे चाचपडत राहिला. तिने हळूच बॅटरी वळवली. झोत त्याच्या डाव्या डोळ्यावर पडला. डोळा उघडा होता. पापणी लवली नाही.

तिने वॉशर त्याच्या हातात ठेवला आणि तो पान्याने नट आवळू लागला. परवा चहा कपात न पडता बशीत पडला होता, आणि ती त्याला वेंधळा म्हणून हसली होती. हल्ली रस्त्याने चालताना तो तिला हटकून आपल्या डाव्या बाजूला घ्यायचा. या वयात नवऱ्याला प्रेम फुटलं, असं तिने बहिणीला फोनवर सांगितलंही होतं.

"डावा डोळा कधी गेला?" तिने विचारलं.

पान्याचा आवाज थांबला.

"मागच्या महिन्यात. आतला पडदा सुटला. डॉक्टर म्हणाले, उशीर केलात."

"आणि मला आज कळतंय! तेही मी विचारलं म्हणून!" तिचा आवाज चढला. मग तिला बस दिसली. पायरीवरून उड्या मारत उतरणारी पोरं, बाटली विसरली म्हणून उलटी धावणारी, चाकाशी वाकून बुटाची नाडी बांधणारी. "अहो, रोज गणवेश चढवून जाताय की तुम्ही! एका डोळ्याने बसभर पोरं नेताय? कुणाला काही झालं तर त्या आईला काय तोंड दाखवणार? उद्या मी स्वतः शाळेत जाऊन सांगणार आहे."

"सांग. पण आधी पाणी सोड."

"मी काय बोलतेय आणि तुम्हाला नळाचं पडलंय?"

"आधी पाणी सोड. मग सगळं सांगतो." तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. निकालाच्या दिवशी फलकासमोर उभ्या राहिलेल्या मुलासारखा होता.

तिने दोन्ही कॉक उघडले. नळ खोकला, दोनदा थुंकला, मग स्वच्छ धार लागली. तो खाली पडूनच होता.

"टिपूस दिसतंय का कुठे? नीट बघ. खोटं सांगू नकोस."

राग गिळून ती वाकली. झोत नटावरून फिरवला. एक थेंब हळूहळू फुगत होता.

"आहे. तुमच्या डावीकडे."

त्याने बोटाने नट शोधला आणि पाना किंचित फिरवला. "आता?"

तिने जागा पुसली. वाट पाहिली. पुन्हा बोट फिरवलं. बोट कोरडं आलं.

"नाही."

"खात्रीने?"

"कोरडं ठाक आहे. आता बोला!"

तो सरकत बाहेर आला आणि भिंतीला टेकून बसला. केसांत गंज, गालावर काळा पट्टा. पाना त्याने खाली ठेवला नाही.

"डोळा गेल्याचं कळलं त्याच दिवशी बसची किल्ली शाळेत देऊन आलो," तो म्हणाला. "रोज जातो ते नळाच्या मिस्त्रीकडे, काम शिकायला. त्याची अट होती, आधी स्वतःच्या घरचा नळ बदलून दाखव, थेंब गळला नाही तर उद्यापासून कामावर ये."