नऊ जणांच्या वर्गात

त्या लहानशा खासगी कॉलेजात तत्त्वज्ञानाला नऊच मुलं होती आणि ती गोल बसायची. लपायला मागचा बाकच नव्हता. तरी हिंगोलीहून आलेली प्रणिता महिनाभर अवाक्षर बोलली नव्हती. पण देवस्थळी सर इंग्रजीत म्हणाले, “खोटं बोलणं कधीच योग्य नसतं,” तेव्हा तिला राहवेना.

“मला नाही पटत, सर. मराठीत सांगू?”

“सांग ना.”

“माझी आई नर्स आहे. शेवटच्या घटका मोजणाऱ्या एका आजोबांना ती म्हणाली, मुलगा निघालाय. तो येणारच नव्हता. पण आजोबा शांतपणे गेले.”

सरांनी हातातलं पुस्तक मिटलं. “उद्या इथूनच सुरुवात करू. तूच बोल.”

संध्याकाळी आईनं फोनवर रोजचंच विचारलं, “बोलतेस ना गं वर्गात?”

“हो,” प्रणिता नेहमीसारखंच म्हणाली. आज मात्र ते खरं होतं.