झटपट ओळख

तळ्याकाठच्या बेडकांची ओळख पटवायला बेडूकमास्तरांनी अ‍ॅप बनवलं, तेव्हा ते इतक्या चौकशा करायचं की त्यापेक्षा भोचक आत्याबाई परवडली. पाठ खरखरीत का? बोटांना पडदे आहेत का? ओरडतो कसा? चाळीस प्रश्न संपून नाव येईतो बेडूक सात तळी पार करून गेलेला असायचा.

यंदा वनखात्याच्या नव्या साहेबांनी काठावरच्या बेडकापुढे फोन धरला. "पाठीवर पट्टा आहे का?" एवढं विचारून अ‍ॅपने लगेच नाव सांगितलं.

"मास्तर, कमाल केलीत. नवीन काय घातलंत यात?"

मास्तरांचे कान तळ्याकडे लागले होते.

"घातलं काही नाही, साहेब. दरसाल जी जात सापडेनाशी झाली, तिचे प्रश्न काढत गेलो. आता दोनच उरल्यात, एका प्रश्नात भागतं."